क्लिप की कॉइल? हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा

"सिस्टर, डोकं उघडायचं की मांडीतून करायचं?" न्यूरोच्या वॉर्डात बारा वर्षं काढल्यावर हा प्रश्न मला लिफ्टचं दार उघडतानाच ओळखू येतो. घरच्यांनी रात्रभर मोबाइलवर वाचलेलं असतं. धाकट्याने कॉइल पक्की केलेली असते, थोरल्याच्या ऑफिसातल्या कुणाची तरी क्लिप झालेली असते, आणि दोघं एकमेकांशी बोलत नसतात. पेशंटच्या मेंदूतल्या धमनीवरच्या फुग्याची मान किती मिलिमीटर आहे, असं विचारलं की दोघंही फाइल चाळायला लागतात.

मेंदूतल्या अ‍ॅन्युरिझमच्या बाबतीत बहुतेक गोंधळ प्रश्नांचा क्रम उलटा लागल्यामुळे होतो. क्रम सरळ लावला की बऱ्याचदा उत्तर आपोआप समोर येतं आणि निवड करायला फारसं काही उरतच नाही. तो क्रम इथे मांडते आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे निर्णय तुमच्या डॉक्टरांचा आणि तुमचा. त्यांच्यासमोर बसण्याआधी काय तयारी करायची, एवढंच माझं सांगणं.

आधी शब्द नीट करून घेऊ. अ‍ॅन्युरिझम म्हणजे मेंदूच्या धमनीच्या भिंतीला, बहुधा जिथे फाटा फुटतो तिथे, आलेला फुगवटा. ही गाठ नाही आणि कॅन्सरही नाही. क्लिपिंगमध्ये कवटीचा एक तुकडा काढून, मायक्रोस्कोपखाली फुग्याच्या मानेवर (तो धमनीला जिथे जोडलेला असतो तिथे) टायटॅनियमचा बारीक चिमटा लावतात आणि तुकडा परत बसवतात. कॉइलिंगमध्ये मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी थेट फुग्यात नेतात आणि प्लॅटिनमच्या मऊ तारेची वेटोळी आत भरतात. तार बाहेर सरकू नये म्हणून कधी स्टेंटची जाळी लावतात. फ्लो डायव्हर्टर ही आणखी दाट विणीची जाळी असते. ती मूळ धमनीत बसवतात, म्हणजे फुग्यात जाणारा प्रवाह मंदावतो आणि फुगा हळूहळू बंद होतो.

टप्पा १ : फुटलाय की फुटलेला नाही?

सगळं यावर अवलंबून आहे. फुटलेला आणि न फुटलेला फुगा यांना दोन वेगळे आजार समजा.

फुटलेला फुगा म्हणजे मेंदूभोवती रक्तस्राव. डोकं एका क्षणात, वीज पडल्यासारखं दुखतं. पेशंट नेमकी वेळ सांगतो : "भाकरी थापत होते, तेवढ्यात." उलटी होते, मान ताठ होते, कधी शुद्ध हरपते. अशा वेळी हा लेख बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा. सीटी स्कॅन, न्यूरोसर्जन आणि कॅथलॅब (धमनीत नळी घालून उपचार करायची खोली) हे तिन्ही एकाच छताखाली जिथे असेल तिथेच न्या. जवळच्या नर्सिंग होममध्ये एक रात्र "बघू या" म्हणून काढली की पेशंटची दोनदा हलवाहलव होते, आणि फुगा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या २४ तासांतच सर्वांत जास्त असतो. म्हणूनच फुटलेला फुगा शक्यतो २४ तासांच्या आत बंद करावा असं सध्याची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. सेकंड ओपिनियनसाठी फाइल घेऊन शहरभर फिरायला इथे वेळ नसतो.

न फुटलेला फुगा बहुतेकदा भलत्याच कारणासाठी काढलेल्या एमआरआयमध्ये दिसतो. चक्कर येते म्हणून काढला, अपघातानंतर काढला, असं काहीतरी असतं. प्रौढ माणसांत शंभरातल्या साधारण तिघांकडे असा फुगा असतो आणि त्यातले बहुतेक तो तसाच घेऊन आयुष्य काढतात. इथे तुमच्याकडे आठवडे असतात. ते वापरा.

*थांबा :* ज्याला अजून रक्तस्राव झालेला नाही, पण एक पापणी अचानक खाली आली आहे आणि त्याच डोळ्याची बाहुली मोठी दिसते आहे, तो पेशंट "न फुटलेला" म्हणून निवांत बसवायचा नसतो. फुगा डोळ्याच्या मज्जातंतूवर दाबतोय, अशी ती खूण असू शकते. आमच्याकडे आलेल्या एका बाईंनी आधी चष्म्याचा नंबर बदलून घेतला होता, मग डोळ्यांत थेंब टाकले होते, आणि आठव्या दिवशी त्या आमच्याकडे पोचल्या. हे दिसलं की त्याच दिवशी न्यूरोसर्जन गाठायचा.

*थांबा :* अचानक भयंकर डोकं दुखलं तर स्वतःच्या मनाने अ‍ॅस्पिरिनवाली गोळी घेऊ नका. आणि दुखणं सुरू होऊन सहा तास उलटून गेले असतील, तर सीटी साफ आला तरी विषय तिथे मिटवू नका. पाठीतलं पाणी तपासायचं की सीटी अँजिओग्राफी (धमन्या दाखवणारा स्कॅन) करायची, हे डॉक्टरांना विचारा.

टप्पा २ : कागद नको, सीडी आणा

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. नातेवाईक ट्यूबलाइटसमोर फिल्म धरून फोटो काढतात आणि तो तीन डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. मग तिघांची तीन मतं आली म्हणून डॉक्टरांवरच शंका घेतात. फोटोवरून मान मोजता येत नाही. फुग्यावर आणखी एक छोटा फुगा उठलाय का, एखादी बारीक शाखा फुग्याच्याच बुंध्यातून निघते का, हे फिरवून बघावं लागतं, आणि त्यासाठी मूळ डिजिटल प्रतिमा लागतात. स्कॅन सेंटरला "डायकॉम फाइल्सची सीडी किंवा पेनड्राइव्ह द्या" असं स्पष्ट सांगा. घरी एकदा लावून बघा, कारण रिकामी सीडी मी एकदा नाही, कितीतरी वेळा पाहिली आहे.

सीटी अँजिओ बहुतेक ठिकाणी पुरते. पण नेमकी मापं घ्यायची असतील किंवा दोन उपायांत खरोखरच चुरस असेल, तर डीएसए करावी लागते. त्यात धमनीत नळी घालून डाय (धमन्या चित्रात दिसाव्यात म्हणून द्यायचं औषध) सोडतात आणि हलती चित्रं घेतात. "पुन्हा तपासणी कशाला, पैसे काढायचा धंदा" असं म्हणून ती टाळू नका. मोठ्या निर्णयाचा पाया तीच असते.

प्रतिमांबरोबर एका कागदावर एवढं लिहून न्या :

- सध्याच्या सगळ्या गोळ्या, डोससकट. रक्त पातळ करणारी, मधुमेहाची, आयुर्वेदिक, सगळ्या.
- क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट. डाय मूत्रपिंडातून बाहेर पडतो.
- डायची, औषधाची, निकेल धातूची अ‍ॅलर्जी. खोट्या दागिन्याने कान सुजत असतील तर तेही लिहा, कारण जाळीच्या मिश्रधातूत निकेल असतं.
- पूर्वी अल्सर किंवा पोटातून रक्त गेलं होतं का?
- येत्या वर्षात ठरलेलं दुसरं ऑपरेशन, दात काढणं, गरोदरपणाचा विचार.
- आई-वडील, भावंडं, मुलं यांच्यापैकी कुणाला ब्रेन हॅमरेज झालं होतं का? घरात मूत्रपिंडात अनेक गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आहे का?
- तंबाखू. खरं लिहा. मिश्रीही लिहा.

टप्पा ३ : फुटलेला नसेल तर आधी "करायचं का?" ते ठरवा

क्लिप की कॉइल या वादात तिसरा पर्याय लोक विसरतात : सध्या काहीच न करणं आणि ठरावीक काळाने स्कॅन करत राहणं.

याचा अंदाज घ्यायला फेजेस नावाची गुणपद्धत आहे. ती २०१४ साली प्रसिद्ध झाली आणि सहा अभ्यासांतल्या आठ हजारांहून अधिक रुग्णांवर आधारलेली आहे. गुण असे : रक्तदाब असेल तर १. वय ७० किंवा जास्त असेल तर १. पूर्वी दुसरा फुगा फुटला असेल तर १. फुगा ७ मिलिमीटरच्या आत असेल तर ०, ७ ते ९.९ ला ३, १० ते १९.९ ला ६, २० च्या पुढे १०. फुगा मेंदूच्या कोणत्या धमनीवर आहे, त्या जागेचे गुण वेगळे : अंतर्गत कॅरोटिडवर ०, मिडल सेरेब्रलवर २, आणि पुढच्या सेरेब्रल (पुढची कम्युनिकेटिंग यातच मोजतात), पोस्टेरिअर कम्युनिकेटिंग किंवा मेंदूच्या मागच्या बाजूच्या धमन्यांवर ४. फिनलंड आणि जपानच्या लोकांना जास्तीचे गुण मिळतात, ते आपल्याला लागू नाहीत.

आता हिशोब करू. ५८ वर्षांच्या बाई, बीपीची गोळी सुरू, मिडल सेरेब्रलवर ५ मिलिमीटरचा फुगा. १ आणि २ मिळून ३ गुण. पाच वर्षांत फुटण्याची शक्यता सुमारे ०.७ टक्के. त्याच बाईंचा फुगा ८ मिलिमीटरचा आणि पुढच्या कम्युनिकेटिंग धमनीवर असता, तर १, ३ आणि ४ मिळून ८ गुण झाले असते आणि शक्यता ३.२ टक्क्यांवर गेली असती. बारा किंवा जास्त गुणांना ती १७ टक्क्यांच्या वर जाते.

हे आकडे उपचाराच्या धोक्यासमोर ठेवून बघा. न फुटलेल्या फुग्यांवरच्या उपचारांचा २०१९ साली एक मोठा एकत्रित आढावा आला. त्यात पहिल्या तीस दिवसांत गुंतागुंत होण्याचं प्रमाण धमनीतून केलेल्या उपचारात सुमारे ५ टक्के आणि ऑपरेशनमध्ये सुमारे ८ टक्के होतं. मृत्यू दोन्हींत हजारात तीनपेक्षा जास्त नव्हते. ०.७ टक्क्यांचा धोका घालवायला ५ टक्क्यांचा धोका का घ्यायचा, हा प्रश्न त्या पहिल्या बाईंनी विचारलाच पाहिजे. मात्र त्या ५८ च्या ऐवजी ३२ वर्षांच्या असत्या तर पुढे पाच वर्षं नव्हे, पन्नास वर्षं आहेत, आणि तराजू वेगळा झुकला असता.

*तपासून घ्या :* फेजेसमध्ये सिगारेट-तंबाखू मोजलेली नाही, घरातला इतिहास नाही, फुग्याचा ओबडधोबड आकारही नाही. आपल्याकडचे रुग्ण त्या अभ्यासांत नव्हते. त्यामुळे गुण कमी आले म्हणून नाचू नका आणि जास्त आले म्हणून त्याच रात्री अ‍ॅडमिट होऊ नका. फुगा कवटीच्या तळाशी, कॅव्हर्नस भागात असेल तर गणितच निराळं, कारण तिथला फुगा सहसा मेंदूभोवती रक्तस्राव करत नाही.

"बघत राहू" ठरलं, तर तंबाखू बंद आणि बीपी ताब्यात हा तुमच्या हातातला उपचार. पुढच्या स्कॅनची तारीख लिहून घ्या. फुगा वाढला तर निर्णय पुन्हा पहिल्यापासून.

टप्पा ४ : फुग्याचं चित्र काढून घ्या

करायचं ठरलं की आकाराचा आणि जागेचा प्रश्न येतो. डॉक्टरांना एकच विनंती करा : "फाइलच्या मागे चित्र काढून दाखवता का?" चांगले डॉक्टर अर्ध्या मिनिटात इंग्रजी वायसारखा फाटा काढतात, त्याच्या बेचक्यात फुगा काढतात आणि मानेवर आडवी रेघ मारतात. त्या रेघेवरच अर्धा निर्णय असतो.

मान अरुंद आणि पोट मोठं, म्हणजे लोट्यासारखा फुगा असेल, तर तार आत ठरते. मान रुंद, म्हणजे वाडग्यासारखा असेल, तर तार बाहेर घरंगळते. मान ४ मिलिमीटर किंवा जास्त, किंवा पोटाची रुंदी मानेच्या दुपटीपेक्षा कमी, याला रुंद मान म्हणतात. तिथे नुसती कॉइल पुरत नाही. फुगवता येणारा बलून, स्टेंट, फ्लो डायव्हर्टर किंवा क्लिप यांचा विचार करावा लागतो.

जागेचे ठोकताळे साधारण असे :

मिडल सेरेब्रलच्या फाट्यावरचा फुगा सर्जनला सहज गाठता येतो. त्याची मान बऱ्याचदा रुंद असते आणि शाखा बुंध्यातूनच निघतात. इथे क्लिपचं पारडं आजही जड आहे. याच्या अगदी उलट मेंदूच्या मागे, बॅसिलर धमनीच्या टोकावरचा फुगा. तिथे चाकूने पोचणं अवघड, भोवती जीवाच्या मोलाच्या बारीक शाखा. इथे आधी धमनीतून जायचा विचार करतात. कॅरोटिडवर डोळ्याच्या धमनीजवळ असलेल्या, मोठ्या आणि रुंद मानेच्या फुग्यांसाठी फ्लो डायव्हर्टर पुष्कळ वापरला जातो. पुढच्या आणि पोस्टेरिअर कम्युनिकेटिंगवरचे फुगे बहुतेकदा दोन्ही मार्गांनी बंद करता येतात. खरी चुरस तिथेच.

*तपासून घ्या :* चित्र काढल्यावर तीन आकडे लिहून घेतलेत का? मान, पोटाची रुंदी, उंची. आणि चौथी गोष्ट : फुग्यातून एखादी शाखा निघते का, हो की नाही. हे चार नसतील तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊन काही उपयोग नाही.

टप्पा ५ : मोबाइलवर वाचलेला अभ्यास नीट वाचा

"लंडनच्या ट्रायलमध्ये कॉइलच जिंकली" हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. तो अभ्यास म्हणजे आयसॅट, २००२ साली प्रसिद्ध झालेला. केंद्रं मुख्यतः ब्रिटन-युरोपातली, रुग्ण २,१४३. एक वर्षानंतर मृत किंवा परावलंबी असलेले रुग्ण कॉइलच्या गटात सुमारे २४ टक्के आणि क्लिपच्या गटात सुमारे ३१ टक्के होते. फरक मोठा आहे, आणि फुटलेल्या फुग्यात दोन्ही मार्ग सारखेच खुले असतील तर कॉइलकडे झुकायचं ते यामुळेच.

पण त्यात फक्त फुटलेले फुगे होते. निष्कर्ष न फुटलेल्यांना लावायचा नसतो. आणि सुमारे साडेनऊ हजार रुग्ण तपासून त्यातले २,१४३ घेतले होते, तेही असे, की ज्यांना दोन्ही उपाय चालतील असं डॉक्टरांना वाटलं. मिडल सेरेब्रलवरचे फुगे त्यात थोडेच होते. पुढे या रुग्णांचा पाठपुरावा केला तेव्हा कॉइलवाल्यांना दुसऱ्यांदा उपचार लागण्याचं प्रमाण जास्त निघालं.

अमेरिकेत फिनिक्समध्ये झालेला ब्रॅट हा अभ्यास मला जास्त शिकवून गेला. तिथे येईल त्या रुग्णाला आळीपाळीने कॉइल किंवा क्लिप नेमून दिली. कॉइल वाट्याला आलेल्यांपैकी सुमारे ३८ टक्क्यांना शेवटी क्लिपच करावी लागली, कारण त्यांचा फुगा कॉइल करण्याजोगा नव्हता. पहिल्या वर्षी कॉइलवाले बरे होते. पुढच्या वर्षांत मेंदूच्या पुढच्या भागातल्या फुग्यांत तो फरक टिकला नाही, मागच्या भागात मात्र कॉइल सरस राहिली. म्हणूनच टप्पा ४ आधी आणि टप्पा ५ नंतर.

टप्पा ६ : आता माणसाकडे बघा

वय सत्तरच्या पुढे आणि हृदय-फुप्फुसं नाजूक असतील तर धमनीतला मार्ग सहसा बरा. तरुण वय, सोपी जागा, पुढे आयुष्य लांब, तर क्लिपचा टिकाऊपणा मोलाचा. फुगा फुटून मेंदूत रक्ताचा मोठा गोळा साचलाय, तर डोकं तसंही उघडावं लागणार आहे. गोळा काढतानाच क्लिप लावून टाकतात.

यापेक्षा दोन गोष्टींवर फार कमी बोललं जातं. पहिली : पेशंट पुन्हा तपासणीला येणार का? कॉइलनंतर ठरावीक काळाने स्कॅन करावेच लागतात. घर दोनशे किलोमीटरवर, शेतीचा हंगाम, सोबत यायला माणूस नाही, असं असेल तर ते आत्ताच सांगा. लाजू नका. नुसत्या या कारणासाठीही तराजू क्लिपकडे झुकू शकतो.

दुसरी : पेशंट गोळी चुकवतो का? स्टेंट किंवा फ्लो डायव्हर्टर बसवला की अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलसारख्या दोन गोळ्या काही महिने रोज घ्याव्या लागतात, एक त्याहून लांब. जाळीवर रक्त गोठू नये म्हणून. एका पेशंटने विसाव्या दिवशी दात काढायचा म्हणून परस्पर दोन्ही गोळ्या थांबवल्या. दात व्यवस्थित निघाला. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप उजव्या हातातून सुटला. उपचार उत्तम झाला होता, माणूस अपंग झाला तो त्यानंतर. घरात बीपीची गोळी आठवड्यातून चार दिवस घेणारा माणूस असेल, तर जाळीचा पर्याय निवडताना दहादा विचार करा.

फुटलेल्या फुग्यात स्टेंट शक्यतो टाळतात, तेही याच गोळ्यांमुळे. ताजा रक्तस्राव, कदाचित मेंदूतलं पाणी काढायची नळी, आणि त्यात रक्त पातळ केलेलं.

टप्पा ७ : दोन्ही हातांना भेटा

मोठी चूक : दोन मतं घ्यायची म्हणून दोन कॉइल करणाऱ्यांना भेटणं. मत एकच मिळतं, फी दोनदा जाते. न्यूरोसर्जन आणि धमनीतून उपचार करणारे तज्ज्ञ असे दोघं हवेत, शक्य असेल तर एकत्र. चांगल्या केंद्रांत दोघं मिळून केस बघतात. "तुमच्या दोघांची चर्चा झाली का? ते काय म्हणाले?" असं थेट विचारलं तर कुणी रागावत नाही. रागावलं तर तेही एक उत्तरच.

आणखी हे विचारा :

१. गेल्या वर्षी असे किती फुगे तुम्ही स्वतः बंद केलेत? या जागचे किती?
२. माझ्या बाबतीत दुसरा मार्ग तुम्ही का निवडत नाही?
३. मध्येच फुगा फुटला तर काय कराल? त्या वेळी दुसरा तज्ज्ञ इमारतीत असेल का?
४. पूर्ण बंद होण्याची अपेक्षा आहे की थोडी मान उरेल?
५. पुढची पाच वर्षं कोणते स्कॅन, कधी?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात नीट ऐका. "ते आता कुणी करत नाही" हे उत्तर नव्हे. "मान साडेपाच मिलिमीटर आहे आणि शाखा बुंध्यातून निघते" हे उत्तर.

ज्या केंद्रात एकच उपाय होतो तिथे प्रत्येक फुगा त्याच उपायाचा वाटतो. यात कुणाची लबाडी असतेच असं नाही. हातात जे असतं तेच डोळ्याला आधी दिसतं.

टप्पा ८ : पैसे आणि सह्या

कॉइलचं बिल नगावर असतं. किती लागतील हे आत गेल्यावर कळतं, म्हणून अंदाज "किमान इतक्या, कमाल इतक्या" असा लेखी मागा. स्टेंट लागला तर तो वेगळा. क्लिपचं सामान त्यामानाने स्वस्त, पण आयसीयूचे दिवस जास्त. फुगा फुटलेला असेल तर मात्र दोन्हीकडे आयसीयूच बिल वाढवतं.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत, किंवा गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत बसत असाल, तर पहिल्याच दिवशी काउंटर गाठा. महाराष्ट्रात आरोग्यमित्राला (योजनेच्या हॉस्पिटलातल्या माणसाला) दोनच गोष्टी विचारा : या हॉस्पिटलला हे पॅकेज आहे का, आणि कॉइल-स्टेंट त्यात धरले आहेत का, किती. रेशन कार्ड आणि आधारवरच्या नावाच्या स्पेलिंगमधला फरक रात्री दोनला लक्षात येतो, म्हणून तो आधीच जुळवून बघा.

संमतिपत्रात "गरज पडल्यास डोकं उघडून शस्त्रक्रिया" हे वाक्य कॉइलच्या फॉर्ममध्येही असतं. सही करणाऱ्याने ते वाचावं, आणि बाहेर थांबणाऱ्या एकाला तरी ते ठाऊक असावं.

टप्पा ९ : प्रक्रियेआधीचे दिवस

जाळी बसवायची असेल तर दोन्ही गोळ्या आधीच सुरू करतात, बहुधा पाच-सात दिवस. काहींच्या शरीरावर क्लोपिडोग्रेलचा पुरेसा परिणाम होत नाही. रक्ताची एक तपासणी ते सांगते आणि मग गोळी बदलता येते. ती होणार आहे का, विचारा. मधुमेहाची मेटफॉर्मिन कधी थांबवायची आणि कधी सुरू करायची, ते मूत्रपिंडाच्या रिपोर्टवर ठरतं. स्वतः ठरवू नका. दाताचं दुखणं आधीच निपटून घ्या.

क्लिपसाठी सगळे केस काढतातच असं नाही. अनेक ठिकाणी चिऱ्यापुरती पट्टी काढतात. विचारलंत तर कळेल. बायका विचारायला संकोचतात, म्हणून मीच सांगून टाकते.

टप्पा १० : झाल्यावर

न फुटलेल्या फुग्याला कॉइल केली तर पेशंट साधारण दोन-तीन दिवसांत घरी जातो, क्लिपला आठवडाभर धरा. मांडीतून केलं असेल तर काही तास पाय सरळ ठेवावा लागतो. "पाय आखडलाय" म्हणून गुडघा दुमडणारे पेशंट आणि तो प्रेमाने दुमडून देणारे नातेवाईक, दोघांनाही मी ओरडते.

फुटलेल्या फुग्याची गोष्ट वेगळी. फुगा बंद झाला म्हणजे पुन्हा फुटणं टळलं, सांडलेलं रक्त तिथेच आहे. त्यामुळे साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत धमन्या आकसू शकतात. काल बोलणारा माणूस आज शब्द शोधायला लागतो. "कॉइल झाली, मग आयसीयूत कशाला ठेवलंय?" याचं उत्तर हेच. यासाठीचं निमोडिपिन हे औषध सहसा २१ दिवस चालतं, दर चार तासांनी, रात्री झोपेतून उठवूनही. डिस्चार्जनंतर दिवस उरले असतील तर घरीही तसंच, गजर लावून. आणि मेंदूत पाणी साचून शंट (ते पाणी वाहून नेणारी नळी) लागला, तर त्याचा क्लिप की कॉइल याच्याशी संबंध जोडून एकमेकांना दोष देत बसू नका. तो आजाराचाच भाग आहे.

टप्पा ११ : फाइल जपा

प्रत्येक कॉइल, स्टेंट, क्लिपच्या पाकिटावर स्टिकर असतो. तो डिस्चार्ज कार्डावर चिकटवलेला आहे ना, घरी जाण्याआधी बघा. पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली की टेक्निशियन पहिलं तेच विचारतो. प्लॅटिनमच्या कॉइल आणि आजच्या टायटॅनियम क्लिप एमआरआयला चालतात. फार जुन्या क्लिपचं तसं नव्हतं, म्हणून पुरावा लागतो. स्टिकरचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा.

कॉइलनंतर पहिला स्कॅन बहुधा सहा महिन्यांनी, पुढचे डॉक्टर सांगतील तसे. पहिला चांगला आला म्हणून दुसरा चुकवणं ही नेहमीची चूक, कारण तार काळाने दबते आणि मानेशी जागा होऊ शकते. फ्लो डायव्हर्टरमध्ये फुगा बंद व्हायलाच महिने लागतात, तेव्हा सहा महिन्यांच्या स्कॅनमध्ये थोडा फुगा दिसला तरी लगेच घाबरू नका. क्लिपनंतर एकदा तपासणी करून मान पूर्ण बंद आहे याची खात्री करतात.

आणि घरच्यांनी स्कॅन करायचा का? आई-वडील, भावंडं, मुलं अशा जवळच्या नात्यात दोघांना किंवा जास्त जणांना अ‍ॅन्युरिझम निघाला असेल, किंवा घरात मूत्रपिंडातल्या अनेक गाठींचा तो आनुवंशिक आजार असेल, तर डॉक्टरांशी एमआर अँजिओबद्दल बोला. एकट्या मामाला होता म्हणून अख्ख्या वाड्याने रांग लावायची गरज नाही.